दिवसां लावलेला दिवा



जुन्या काळीं एखाद्या सावकाराचें दिवाळें निघालें म्हणजे तो आपल्या पेढीवर भर दिवसां दिवा लावून ठेवी, असें आमची आजी सांगत असे. रस्त्यानें जाणाऱ्यानें तो दिवा पाहावा आणि ओळखावें, कीं या पेढीची लक्ष्मी गेली. त्यामुळें आमच्या घरांत सूर्य उगवल्यावर देवघराखेरीज कोठेंही दिवा जळत राहिलेला तिला खपत नसे. ती उठून तो मालवी, आणि मालवितांना "कोणाचें दिवाळें काढतां रे?" असें विचारी. हा संस्कार माझ्या अंगांत इतका मुरला, कीं छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत वर्गांतला दिवा दिवसां जळतांना दिसला, तर शिकविणें मध्येंच थांबवून मी आधीं बटण बंद करीत असें.

अशा माणसाच्या दारांत २०२२ सालीं एक मोटारगाडी आली, आणि ती भर दुपारीं बारा वाजतां दोन पांढरे दिवे लावून गांवांतून हिंडूं लागली!

गाडी घेतली ती हौसेसाठीं नव्हे. माझ्या पत्नीचे गुडघे दुखूं लागले. चिंचणीहून बोईसरच्या दवाखान्यांत किंवा स्टेशनवर जावयाचें, तर एस. टी.च्या पायऱ्या तिला चढवेनात आणि रिक्षांतले हिसके सोसवेनात. निवृत्तीच्या पैशांतील कांहीं भाग, मुलाचा हातभार आणि उरलेलें कर्ज, अशा तीन पायांवर ही करड्या रंगाची लहानशी गाडी उभी राहिली. तिच्या हेडलाइटच्या कडेला माणसाच्या भुंवईसारखी एक पांढरी पट्टी आहे. इंजिन सुरू झालें कीं ती आपोआप उजळते. पहिल्या आठवड्यांत निदान दहा जणांनीं मला वाटेंत हटकलें. समोरून येणारा कोणी पांची बोटें मिटून-उघडून खूण करी, कोणी ओरडून सांगे, "गुरुजी, दिवा राहिला!" मी ओशाळून बटण शोधूं लागें. बटण सांपडेना. शेवटीं शोरूममधल्या तरुणाला फोन केला. तो म्हणाला, "काका, ते डीआरएल. ते बंद होत नसतात." मी म्हटलें, "जो बंद होत नाहीं, तो दिवा कसला?"

माझें आजचें भाषण म्हणजे या प्रश्नाचें उत्तर आहे. मात्र तें उत्तर मला पुस्तकांत मिळालें नाहीं. तें रस्त्यावर मिळालें, आणि त्याची किंमत मीं भरली नाहीं; दुसऱ्या एकानें भरली. ती हकीकत ओघानें येईलच.

डीआरएल या तीन अक्षरांचा अर्थ एवढाच, कीं गाडी दिवसां चालत असतांना तेवत राहणारा दिवा. आतां दिवसां दिवा कशाला, असें आपण विचाराल. दिव्याचीं कामें दोन आहेत. एक आपल्याला दिसावें म्हणून, आणि दुसरें आपण दिसावें म्हणून. रात्रीं गोठ्यांत जातांना आपण कंदील नेतों, तो पहिल्या कामाचा. आमच्या किनाऱ्यावरचा नाखवा रात्रीं होडीच्या काठीवर दिवा टांगतो, तो दुसऱ्या कामाचा. त्या दिव्याच्या उजेडांत त्याला मासळी दिसत नाहीं. मोठ्या जहाजानें आपल्याला न पाहतां तुडवूं नये, एवढीच त्याची इच्छा असते. गाडीचा हेडलाइट म्हणजे कंदील, आणि डीआरएल म्हणजे नाखव्याचा दिवा. त्यानें रस्ता उजळत नाहीं, आणि उजळावा अशी अपेक्षाही नाहीं.

या भेदामुळें त्याची घडणही निराळी असते. हेडलाइट रस्त्याकडे झुकविलेला असतो. डीआरएलचा प्रकाश थेट समोरच्याच्या डोळ्यांकडे जातो. मात्र तो बेताचा ठेवलेला असतो. युरोपांतील नियमाप्रमाणें अशा एका दिव्याची तीव्रता ४०० कँडेलांहून कमी आणि १२०० कँडेलांहून अधिक असतां कामा नये. मुख्य दिवे लावले कीं त्यानें आपोआप विझावें किंवा मंद व्हावें. विजेच्या उधळपट्टीची जी भीति आमच्या आजीला वाटली असती, तिलाही आतां आधार राहिलेला नाहीं. जुन्या पद्धतीच्या हॅलोजन हेडलाइटचा एकेक बल्ब खालच्या झोतावर ५५ वॅट वीज घेतो. एलईडीच्या या पट्ट्यांचें काम थोडक्या वॅटांत भागतें.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर आहें. पदार्थविज्ञानाचा पंडित नाहीं. परंतु चौथीच्या मुलालाही समजेल असा एक हिशेब मांडतों. समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या ताशीं ६० किलोमीटर वेगानें चालल्या असतील, तर त्यांच्यांतील अंतर दर सेकंदाला सुमारें ३३ मीटरनीं घटतें. समोरची गाडी तीन सेकंद आधीं दिसली, तर १०० मीटर रस्ता आपल्या पदरांत पडतो. पुढच्या टँकरला ओलांडून जावें कीं त्याच्या मागें राहावें, हा निर्णय त्या १०० मीटरांवर अवलंबून असतो, आणि कित्येक घरांचें सौभाग्यही.

बोईसरहून कुरगांव, तारापूर या वाटेनें चिंचणीला येणारा रस्ता ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना मी काय म्हणतों तें लागलीच पटेल. झाडांची गर्द सावली, मग लख्ख ऊन, पुन्हां सावली. उन्हांतून सावलींत शिरलेल्या डोळ्याला सरावायला क्षणभर वेळ लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणीं सावलींतून एखादी करडी गाडी येत असते. संध्याकाळीं तर आपण समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून येत असतों. मावळता सूर्य आपल्या डोळ्यांवर, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या पाठीवर. तिची पुढची बाजू आपल्याला काळ्या ठिपक्यासारखी दिसते. कित्येकदां दिसतही नाहीं. त्या काळ्या ठिपक्यांत दोन पांढऱ्या रेघा असल्या, म्हणजे डोळा तेथें ठरतो. पावसाळ्यांत रस्ता करडा, आभाळ करडें आणि माझी गाडीही करडी. रंग निवडतांना धूळ दिसणार नाहीं एवढाच विचार मीं केला होता. धूळ दिसत नाहीं तशी गाडीही दिसत नाहीं, हें ध्यानांत आलें नव्हतें.

ही कल्पना निघाली ती मात्र आपल्या उन्हाच्या देशांत नव्हे. फिनलंडमध्यें १९७२ सालीं गांवाबाहेरील रस्त्यांवर हिंवाळ्यांत दिवसांही दिवे लावून गाडी चालविण्याची सक्ति झाली. १९७७ सालीं स्वीडननें तोच नियम बाराही महिन्यांसाठीं केला. त्या देशांत डिसेंबरांत सूर्य जेमतेम वर येतो. स्टॉकहोमला तेव्हां दिवस अवघा सहा तासांचा असतो, आणि त्या सहा तासांतही उजेड तिरपा व फिकट. कॅनडानें १ डिसेंबर १९८९ नंतर बनलेल्या नव्या गाड्यांना हे दिवे आपोआप लागलेच पाहिजेत असें ठरविलें. युरोपीय संघानें ७ फेब्रुवारी २०११ पासून नव्या नमुन्याच्या मोटारगाड्यांना, आणि २०१२ च्या ऑगस्टपासून ट्रक व बस यांना ते आवश्यक केले. जगाच्या बाजारासाठीं बनणाऱ्या गाड्यांबरोबर ती भुंवई आपल्याकडेही आली, आणि शोभेची वस्तु म्हणून लोकांना आवडूं लागली.

आपल्याकडे या विचाराचें खरें आगमन झालें तें दुचाकीवरून. १ एप्रिल २०१७ पासून आपल्या देशांत बनणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारसायकलीचा आणि स्कूटरचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो, आणि चालकाला तो बंद करतां येत नाहीं. त्या वेळीं रस्तोरस्तीं बोटें मिटण्या-उघडण्याचा जो खेळ चालला होता, तो आपल्याला आठवत असेल. दुचाकीस्वार हा रस्त्यावरचा सर्वांत उघडा प्रवासी. त्याच्याभोंवतीं पत्र्याची भिंत नाहीं. दुसऱ्यानें त्याला वेळेवर पाहणें हेंच त्याचें चिलखत. म्हणून हा नियम मला अत्यंत शहाणपणाचा वाटतो.

मोटारगाड्यांच्या बाबतींत मात्र जाणत्यांचें एकमत नाहीं, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. उत्तरेकडील देशांतल्या अभ्यासांत दिवसांच्या टकरी कांहीं प्रमाणांत घटल्याचें आढळलें. अमेरिकेच्या केंद्रीय महामार्ग-सुरक्षा खात्यानें २००८ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत प्रवासी मोटारींच्या बाबतींत निश्चित म्हणतां येईल अशी घट आढळली नाहीं. युरोपांतील मोटारसायकलस्वारांच्या संघटनांनीं निराळाच आक्षेप घेतला. सगळ्याच गाड्या दिवे लावूं लागल्या, तर त्या झगमगाटांत आमचा एकुलता दिवा हरवेल, असें त्यांचें म्हणणें होतें. हा आक्षेप मला फेंकून देण्याजोगा वाटत नाहीं. आपण सुमारें २० अक्षांशावर राहतों. चैत्र-वैशाखांतल्या दुपारच्या उन्हांत त्या पांढऱ्या पट्टीचा उपयोग थोडाच. तिचा उपयोग सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत, झाडांच्या सावलींत आणि पावसांत. आणि आमच्याकडे पाऊस चार महिने.

येथवर मीं त्या दिव्याचे गुण सांगितले. आतां दोष सांगतों, आणि त्याबरोबर माझाही.

गेल्या वर्षीं आषाढांतली गोष्ट. पत्नीला दवाखान्यांत दाखवून आम्ही बोईसरहून परत येत होतों. संध्याकाळचे पावणेसात झाले असतील. आषाढांत आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, म्हणजे पंचांगाप्रमाणें अजून दिवस होता. पण ढग असे दाटले होते, कीं झाडांखालीं तिन्हीसांजा झाल्या होत्या. १९६९ सालीं सुरू झालेलें अणुवीज केंद्र एका अंगाला आणि औद्योगिक वसाहत दुसऱ्या अंगाला, त्यामुळें त्या वेळीं रस्त्यावर कंपन्यांच्या बसगाड्या, टँकर आणि घरीं परतणाऱ्या दुचाकी यांची रीघ असते. माझ्यासमोर डॅशबोर्डवरचे आंकडे लख्ख उजळलेले होते. पुढच्या टँकरच्या ओल्या पत्र्यावर माझ्या गाडीच्या दोन पांढऱ्या रेघा चमकत होत्या. दिवे लागलेले आहेत, याविषयीं माझ्या मनांत शंकाही आली नाहीं.

तारापूर येण्याच्या थोडें अलीकडे एक वळण आहे. तेथें रस्त्यांत खड्डे, आणि खड्ड्यांत पाणी. खोलीचा अंदाज येईना म्हणून मीं ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि गाडी अगदीं बैलगाडीच्या चालीनें सोडली. ब्रेकवर पाय नव्हता. तो असता तर मागें निदान तांबडा दिवा तरी लागला असता. इतक्यांत मागून टायर घसरल्याचा कर्कश आवाज आला आणि एक मोटारसायकल आमच्या उजव्या बाजूनें आडवी घसरत पुढें गेली.

मी गाडी थांबवून खालीं उतरलों, तो भीतीनें आणि रागानें थरथरत. चिखलांत बसलेल्या त्या तरुणाला मीं पहिलें वाक्य कोणतें बोलावें? "लागलें का रे?" असें विचारावें. तें मीं विचारलें नाहीं. मी ओरडलों, "एवढे दिवे लागलेले दिसत नाहींत?" आणि गाडीच्या पुढच्या भागाकडे बोट दाखविलें.

तो मुलगा वर पाहून म्हणाला, "गुरुजी, मागून कांहींच दिसलें नाहीं हो."

त्यानें गुरुजी म्हटलें तेव्हां मीं त्याला ओळखलें. माझ्या चौथीच्या वर्गांत शिकलेला मुलगा. मी तरीही पुढच्या दिव्यांकडेच पाहत उभा. तेव्हां काच खालीं करून पत्नी म्हणाली, "अहो, एकदां मागें जाऊन बघा तरी."

मी मागें गेलों. माझ्या गाडीच्या पाठीवर ठिपकाभर उजेड नव्हता. तांबड्या काचांवर चिखलाचा थर बसला होता, त्यामुळें मागून पडलेला प्रकाश परतविण्याचीही सोय राहिली नव्हती. करड्या पावसांत करडी गाडी, झाडाच्या सावलींत, जवळजवळ उभी. समोरून पाहणाऱ्याला ती दिवाळीसारखी उजळलेली, आणि मागून येणाऱ्याला ती नव्हतीच. 'दिव्याखालीं अंधार' ही म्हण मीं छत्तीस वर्षें फळ्यावर लिहून मुलांकडून तिचा अर्थ पाठ करून घेतला होता. त्या संध्याकाळीं माझ्याच विद्यार्थ्यानें चिखलांत बसून मला तो समजावून दिला.

हाच या दिव्याचा दोष. पुष्कळ गाड्यांत डीआरएल फक्त पुढें लागतो. त्याच्याबरोबर मागचे तांबडे दिवे लागत नाहींत. पूर्वीं अंधार पडला, कीं डॅशबोर्ड काळा पडे आणि पुढें रस्ता दिसेनासा होई. मग हात आपोआप बटणाकडे जाई. आतां डॅशबोर्ड सदा उजळलेला, आणि पुढें थोडासा पांढरा उजेडही असतो. अंधाराची जी सूचना पूर्वीं डोळ्यांना मिळे, ती या सोयीनें काढून घेतली. माझ्यासारखे फसलेले चालक कॅनडांत इतके निघाले, कीं तेथील सरकारला नवा नियम करावा लागला. सप्टेंबर २०२१ पासून तेथें नव्या गाड्यांसाठीं तीन मार्ग ठेवलेले आहेत. चालकापुढचे आंकडे उजळत असतील तर डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागावेत; नाहीं तर अंधार होतांच सगळे दिवे आपोआप लागावेत; नाहीं तर दिवे लावीपर्यंत चालकापुढचे आंकडे काळे राहावेत, म्हणजे त्याला जाग येईल. या तिसऱ्या मार्गांतला शहाणपणा मला फार आवडला. तो मास्तरांनीं काढलेला असावा, असें वाटतें.

त्या मुलाच्या डोक्यावर हेल्मेट होतें म्हणून डोकें वाचलें. उजव्या कोपराच्या हाडाला मात्र चीर गेली. आमच्या चिंचणीच्या परिसरांत सोन्या-चांदीच्या दागिन्यांसाठीं लागणारे डाय कोरण्याचा धंदा चालतो. पोलादाच्या ठोकळ्यावर केंसाइतकी बारीक नक्षी कोरावयाची, तें सगळें काम हाताच्या स्थिरतेवर. हा मुलगा तेंच काम करतो. दीड महिना त्याचा हात बसून राहिला. त्याची मोटारसायकल नव्या नियमाची होती. तिचा पुढचा दिवा लागलेला होता. मला तो आरशांत दिसतही होता. त्यानें माझ्यासाठीं दिवा लावला होता, मीं त्याच्यासाठीं लावला नव्हता, एवढाच आम्हां दोघांतला फरक. दवाखान्याचा खर्च त्यानें मला करूं दिला. बुडालेल्या मजुरीचे पैसे दोनदां परत केले; तिसऱ्यांदा मी त्याच्या आईच्या हातीं दिले, तेव्हां तिनें कांहीं न बोलतां घेतले. तिच्या त्या न बोलण्याचें मला अधिक वाटलें.

मनाचें समाधान करण्यासाठीं मी कायद्याकडे वळलों. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०५ व्या नियमाप्रमाणें सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वीं अर्ध्या तासापर्यंत गाडीचे दिवे लागलेले असले पाहिजेत. सूर्यास्त व्हावयाचा होता, म्हणजे मी निर्दोष, असें क्षणभर वाटलें. पण त्याच नियमांत पुढें म्हटलें आहे, कीं पुरेसा उजेड नसेल अशा कोणत्याही वेळीं दिवे लावलेच पाहिजेत. त्या शब्दांनीं माझी पळवाट बंद केली. शिवाय आपल्याकडे त्या अर्ध्या तासावर भिस्त ठेवणेंही धोक्याचें. उत्तरेकडील देशांत संधिप्रकाश तासभर रेंगाळतो. आपल्या अक्षांशावर सूर्य सरळ खालीं उतरतो, आणि वीस-पंचवीस मिनिटांत उजेड आटोपतो. अर्धा तास संपेपर्यंत रात्र पडलेली असते.

त्यानंतर मीं स्वतःला कांहीं नियम घालून घेतले. ज्यांच्या घरीं गाडी आहे, त्यांना ते उपयोगी पडतील म्हणून सांगतों.

पहिला नियम असा, कीं वायपर चालूं तर हेडलाइट चालूं. काचेवरून पाणी पुसण्याची पाळी आली, म्हणजे दुसऱ्याच्या काचेवरही पाणी आहे हें उघड आहे. त्या वेळीं मागचे दिवे लागलेच पाहिजेत, मग घड्याळांत कितीही वाजलेले असोत. धुक्यांतही तेंच. नुसते पार्किंगचे दिवे लावून संध्याकाळ ढकलणारे पुष्कळ असतात. ते दिवे उभ्या गाडीसाठीं आहेत, चालत्या गाडीसाठीं नव्हेत.

दुसरा नियम, सूर्य टेकला कीं दिवा लावावयाचा. ज्यांच्या गाडींत दिवे आपोआप लागण्याची सोय आहे, त्यांनीं बटण त्या खुणेवर ठेवावें; परंतु पावसाळ्यांतल्या अंधुक दुपारीं ती सोय जागी होईलच अशा भरंवशावर राहूं नये.

तिसरा नियम प्रदक्षिणेचा. देवळांत गेल्यावर आपण पुढून दर्शन घेऊन परत फिरत नाहीं, मागूनही फिरून येतों. गाडीलाही दर आठवड्याला एक प्रदक्षिणा घालावी. एकानें आंत बसून दिवे, ब्रेक आणि इंडिकेटर एकामागून एक लावावे आणि दुसऱ्यानें मागें उभें राहून सांगावें. हें काम आमच्या घरीं नातवाकडे आहे. तो रविवारीं पाठीमागें उभा राहून "डावा लागला, उजवा लागला" असें मोठ्यानें ओरडतो, आणि एखादे दिवशीं मी विसरलों तर मला ओढून नेतो. कोणी सोबत नसेल, तर गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करावी. भिंतीवर तांबडा उजेड पडला कीं नाहीं, तें आरशांत दिसतें.

चौथा नियम फडक्याचा. पावसाळ्यांत निघण्यापूर्वीं पुढच्या काचेबरोबर मागच्या तांबड्या काचाही पुसाव्या. आम्हां समुद्रकांठच्या लोकांना आणखी एक शत्रु आहे, तो खारा वारा. तो वायरींच्या जोडांत शिरून गंज चढवितो, आणि मग दिवा कधीं लागतो, कधीं लागत नाहीं. शिवाय आजकालच्या दिव्यांवरील आवरण कांचेचें नसतें, प्लॅस्टिकचें असतें. उन्हानें तें पिवळें पडतें आणि उजेड आंतल्या आंत कोंडतो. शक्य तर गाडी सावलींत ठेवावी, आणि सर्व्हिसिंगच्या वेळीं मिस्त्रीला या दोन गोष्टी मुद्दाम दाखवाव्या.

पांचवा नियम मोहाचा. जुन्या गाडीला ही भुंवई नसते, म्हणून बाजारांत मिळणाऱ्या निळ्या-जांभळ्या पट्ट्या पुष्कळ तरुण हौसेनें बसवून घेतात. त्यासाठीं मूळच्या वायरी कापाव्या लागतात. अशी जोडणी सैल राहिली, तर ती तापून पेट घेण्याचें भय असतें, आणि गाडीच्या हमीवरही पाणी पडूं शकतें. त्यांतल्या कित्येक दिव्यांना तीव्रतेची मर्यादा नसते. समोरच्याला आपण दिसण्याऐवजीं त्याचे डोळेच दिपतात. ज्यांच्या गाडीला डीआरएल नाहीं, त्यांनीं पावसांत आणि सावलीच्या रस्त्यावर हेडलाइट खालच्या झोतावर लावावा. तो पुरेसा आहे, आणि त्याच्याबरोबर मागचेही दिवे लागतात.

जातां जातां खर्चाची एक गोष्ट. पुष्कळ गाड्यांत ही पट्टी मुख्य दिव्याच्या बंद पेटींतच असते. ती बिघडली, तर बल्ब बदलून भागत नाहीं. सगळी पेटी बदलण्याची पाळी येते. म्हणून नवी गाडी घेतांना रंग आणि आसनें पाहण्याबरोबर त्या पेटीची किंमतही विचारून ठेवावी, आणि त्याच वेळीं आणखी एक प्रश्न विचारावा: हा पुढचा दिवा लागतो तेव्हां मागचा लागतो कीं नाहीं? मीं तो विचारला नव्हता. शोरूममधल्या तरुणानें मला गाणीं कशीं लावावयाचीं तें अर्धा तास शिकविलें, आणि मीं तें लक्ष देऊन शिकून घेतलें.

आतां त्या मुलाविषयीं थोडेंसें सांगून पुरें करतों. त्याचा हात बरा झाला. कोपर अगदीं सरळ होत नाहीं, पण कोरण्याच्या कामाला तें अडत नाहीं, असें तो म्हणतो. मी तें पुन्हां पुन्हां विचारतों, म्हणून तो मला बरें वाटावें अशा बेतानें सांगत असावा. मागच्या महिन्यांत दिवेलागणीच्या वेळीं मी बोईसरहून येत होतों. मागून एक मोटारसायकल आली, आमच्या बरोबरीनें क्षणभर चालली, आणि चालविणाऱ्यानें हात वर करून पांची बोटें मिटलीं-उघडलीं. तोच होता. मीं घाईनें बटणाकडे पाहिलें. तें लावलेलें होतें. तो हंसला आणि पुढें निघून गेला.

पत्नी म्हणाली, "अहो, नुसता ओळख देत होता तो." तरीही मीं गाडी कडेला घेतली, खालीं उतरलों, आणि मागें जाऊन पाहिलें. दोन्ही दिवे लागलेले होते.